कॅचरच्या जागेचा वारसा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बेसबॉलच्या संघात एखादा तरुण कॅचर पुढे येतो आणि त्याच जागेवर वर्षानुवर्षे पाय रोवून उभा असलेला ज्येष्ठ कॅचर बाजूला होतो, तेव्हा त्या घडामोडीकडे पिढीबदलाची एक सरळ गोष्ट म्हणून पाहण्याची सवय प्रेक्षकांना आणि पुष्कळदा क्रीडालेखकांनाही असते. म्हातारा थकला, पोरगा तयार झाला, व्यवस्थापनाने निर्णय घेतला, असा तिचा साचा असतो. या साच्याचे उदाहरण म्हणून सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या संघातील बेंजी मोलिना आणि बस्टर पोझी यांची २०१० सालची हकिकत हटकून सांगितली जाते. परंतु तीच हकिकत तपशिलात शिरून पाहिली, तर साच्याचे जवळपास प्रत्येक विधान अर्धवट ठरते.

मराठी वाचकाचा पहिला गैरसमज क्रिकेटमधून येतो. कॅचर म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षक, अशी सोयीची समजूत करून घेतली जाते आणि उकिडवे बसणे, हातमोजा व फलंदाजामागची जागा पाहता ती चुकीची वाटतही नाही. मात्र यष्टिरक्षक गोलंदाजाला कोणता चेंडू टाकायचा हे सांगत नाही, तर कॅचरचे मुख्य काम नेमके तेच असते. मैदानातील आठ सहकारी फलंदाजाकडे तोंड करून उभे असतात आणि त्या आठांकडे तोंड करून बसलेला कॅचर हा एकटाच असतो. एका सामन्यात एका संघाचे पिचर मिळून दीडशेच्या आसपास चेंडू फेकतात आणि त्यांतील बहुतेक प्रत्येक चेंडूआधी कॅचर मांड्यांच्या आडोशाला उजव्या हाताची बोटे दाखवून खूण करत असे : रूढ पद्धतीत एक बोट म्हणजे सरळ वेगवान चेंडू, दोन बोटे म्हणजे वळणारा चेंडू. प्रतिस्पर्ध्याचा धावपटू दुसऱ्या बेसवर पोहोचला, की त्याला या खुणा समोरून दिसू लागतात. तेव्हा एकामागून एक चार-पाच खुणा करून त्यांतील ठरलेली एकच खरी मानायची, अशी युक्ती योजावी लागे. मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेने, २०२२ पासून खुणा पाठवण्यासाठी विद्युत उपकरणाला परवानगी दिली. पण पोझीचा सारा कार्यकाळ बोटांच्या खुणांचाच होता. शिवाय पहिल्या बेसवरचा धावपटू चोरून दुसऱ्या बेसकडे धावला, तर चेंडू झेलून, उठून, सुमारे १२७ फूट दूर अचूक फेकण्यासाठी कॅचरजवळ जेमतेम दोन सेकंद असतात.

याच कामाचा एक भाग दीर्घकाळ केवळ अंदाजाने ओळखला जात होता. होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजापुढच्या पंचकोनी पट्टीच्या, कडेला घासून आलेला चेंडू कॅचर कशा हाताने झेलतो यावर पंच त्याला वैध ‘स्ट्राइक’ म्हणतो की अवैध ‘बॉल’ हे काही प्रमाणात अवलंबून असते आणि झेलण्याच्या या कौशल्याला ‘फ्रेमिंग’ असे नाव आहे. २००८ च्या सुमारास सर्व मैदानांवर चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे आले आणि त्यानंतर हे कौशल्य आकड्यांत मोजता येऊ लागले. त्या मोजणीत ज्या कॅचरचे नाव सर्वांत आधी गाजले, तो होसे मोलिना हा बेंजीचा मधला भाऊ. (सप्टेंबर २०२५ मध्ये लीगने पंचांच्या निर्णयाला यंत्राद्वारे आव्हान देण्याची पद्धत २०२६ च्या हंगामासाठी मंजूर केली, त्यामुळे फ्रेमिंगचे मोल काहीसे घटणे क्रमप्राप्त आहे.) तरुण कॅचर तयार झाला की नाही हे त्याच्या फलंदाजीवरून ठरवणे ही ढोबळ चूक का आहे, ते या तपशिलांवरून लक्षात येईल.

पोझीच्या बाबतीत ही चूक सर्रास झाली. २००८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, जायंट्सने त्याला पाचव्या क्रमांकावर निवडले. सप्टेंबर २००९ मध्ये त्याला मेजर लीगची तोंडओळख झाली; परंतु त्याने २०१० च्या हंगामाची सुरुवात मात्र फ्रेस्नो येथील मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या, संघातून केली. तेथे त्याने ४७ सामन्यांत .३४९ च्या सरासरीने फलंदाजी केली. दर हजार अधिकृत संधींमागे यशस्वी फटके किती, हे सांगणारा हा आकडा आहे आणि .३०० च्या वर जाणारा फलंदाज उत्तम समजला जातो. एवढे असूनही त्याला वर बोलावले जात नाही, याबद्दल चाहत्यांनी बरीच ओरड केली. त्या ओरडीत एक गोष्ट बाजूला पडली, ती अशी की फ्लोरिडा राज्य विद्यापीठात आलेला पोझी मुळात शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक होता आणि कॅचरची जागा त्याने २००७ च्या हंगामात प्रथम सांभाळली. फलंदाज म्हणून तो पिकलेला होता. कॅचर म्हणून मात्र त्याच्या गाठीला तीनच वर्षे होती.

त्याला मागे ठेवण्याचे कारण केवळ पैसा होते, हा या ओरडीतून निघालेला दुसरा गैरसमज. त्यात तथ्यांश नाही असे म्हणता येत नाही. मेजर लीगच्या करारनियमांत १७२ दिवसांची नोंद म्हणजे सेवेचे एक वर्ष आणि अशी सहा वर्षे भरल्याखेरीज खेळाडू कोणत्याही संघाशी मोकळेपणाने करार करू शकत नाही. म्हणून होतकरू खेळाडूला हंगामाच्या आरंभी काही आठवडे खाली ठेवले, की त्याच्यावरचा संघाचा हक्क एका हंगामाने लांबतो आणि अनेक संघ ही क्लृप्ती वापरतात. पोझीला २९ मे २०१० रोजी बोलावण्यात आल्याने हा लाभ जायंट्सच्या पदरात कागदोपत्री नक्कीच पडला. परंतु पुढे काय झाले हे पाहिले पाहिजे. तीन वर्षे पूर्ण न होताही वेतनासाठी लवादाकडे जाण्याचा हक्क दोन वर्षांच्या गटातील ज्या मोजक्या ज्येष्ठांना मिळतो, त्यांत पोझी बसला, म्हणजे त्याचे वेतन लवकरच वाढले आणि मार्च २०१३ मध्ये संघाने त्याच्याशी नऊ वर्षांचा, १६ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला. राखून ठेवलेले ते जादा वर्ष वापरण्याची वेळच आली नाही, कारण २०२१ च्या हंगामानंतर निवृत्त होईपर्यंत तो कधी मुक्त खेळाडू झालाच नाही.

जागा एक आणि माणसे दोन, म्हणून दोघांत वैर असणारच, ही समजूत नाट्यमय असली तरी कॅचरच्या बाबतीत तिला आधार कमी. १६२ सामन्यांच्या हंगामात प्रत्येक सामन्यात शेकडो वेळा उठबस करणारा माणूस सगळे सामने खेळूच शकत नाही, त्यामुळे प्रत्येक संघाला दोन कॅचर लागतात आणि ही विभागणी खेळाच्या रचनेतच आहे. त्यातच जायंट्सचे व्यवस्थापक ब्रूस बोची हे स्वतः मेजर लीगमध्ये कॅचर म्हणून खेळलेले. त्यांनी पोझीला आणले, तेव्हा मोलिनाला हलवले नाही. पोझीला पहिल्या बेसवर उभे केले आणि तेथील ऑब्री हफला बाह्यक्षेत्रात पाठवले. महिनाभर पोझीची बॅट संघाला मिळत राहिली आणि होम प्लेटमागे मोलिनाच बसत राहिला. या व्यवस्थेचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी मोलिना कोण होता हे माहीत असावे लागते. प्वेर्तो रिकोचा हा खेळाडू ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला; दोन वेळा ‘गोल्ड ग्लव्ह’ हा उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवलेला; आणि २००२ मध्ये ॲनाहाइम एंजल्सकडून, तेही जायंट्सनाच हरवून, वर्ल्ड सिरीज म्हणजे अंतिम विजेतेपद जिंकलेला. २००७ पासून टिम लिन्सेकम, मॅट केन, जोनाथन सांचेझ हे जायंट्सचे तरुण पिचर त्याच्या हातमोज्यासमोर घडले आणि लिन्सेकमने २००८ व २००९ अशी दोन वर्षे सर्वोत्तम पिचरचा ‘साय यंग’ पुरस्कार पटकावला, तेव्हा समोर बहुतांशी मोलिनाच होता.

३० जून २०१० रोजी मोलिनाला टेक्सस रेंजर्सकडे धाडण्यात आले आणि त्याच्या बदल्यात पिचर क्रिस रे व मायनर लीगमधील आणखी एक पिचर घेण्यात आला. करारबद्ध खेळाडूची अशी देवाणघेवाण अमेरिकेत नित्याची आहे. मोलिना संपला होता म्हणून त्याला काढले, असे या व्यवहाराचे वर्णन केले जाते. त्या हंगामात त्याची फलंदाजी खरोखरच ढासळली होती. परंतु रेंजर्स हा आपल्या विभागात आघाडीवर असलेला संघ होता आणि त्याला विजेतेपदासाठी अनुभवी कॅचर हवा होता, म्हणजे एका संघाने ज्याला जागा करून द्यायला लावली, त्याला दुसऱ्याने गरज म्हणून घेतले. १६ जुलै रोजी बोस्टनच्या फेनवे पार्कवर मोलिनाने ‘सायकल’ पूर्ण केली, म्हणजे एकाच सामन्यात एका, दोन आणि तीन बेसचे फटके व होम रन असे चारही प्रकार साधले. त्यातला होम रन तिन्ही बेसवर धावपटू असताना मारलेला, आणि तीन बेसचा फटका लीगमधल्या अतिशय संथ धावणाऱ्यांत गणल्या जाणाऱ्या या गृहस्थाने पळून काढलेला! त्यानंतर ऑक्टोबरच्या अखेरीस वर्ल्ड सिरीजमध्ये रेंजर्ससमोर उभे ठाकले ते जायंट्सच.

येथे आणखी एक गैरसमज उघडा पडतो, आणि तो ज्येष्ठाच्या बाजूने झुकणारा आहे. जायंट्सच्या पिचरांचे अंतरंग मोलिनाला पाठ असल्याने रेंजर्सचे पारडे जड राहील, असा तर्क तेव्हा मांडला गेला. प्रत्यक्षात जायंट्सने मालिका ४–१ अशी जिंकली आणि पाच सामन्यांत रेंजर्सना अवघ्या १२ धावा करू दिल्या. पिचरकडे काय आहे हे ठाऊक असणे आणि ते फटकावता येणे यांत अंतर असते. कॅचरचे ज्ञान पिचरच्या सोबतीने जितके फळते, तितके त्याच्या विरोधात फळत नाही. चौथ्या सामन्यात २१ वर्षांचा मॅडिसन बमगार्नर आणि २३ वर्षांचा पोझी ही नवख्यांची जोडी उतरली. बमगार्नरने आठ डावांत एकही धाव दिली नाही आणि पोझीने होम रन मारला. संघ सॅन फ्रान्सिस्कोला आल्यानंतरचे हे त्याचे पहिलेच विजेतेपद होते. आधीचे १९५४ मधले, न्यूयॉर्कमध्ये असतानाचे.

मग श्रेय कोणाचे? पोझी त्या वर्षी .३०५ सरासरी आणि १८ होम रन यांसह नॅशनल लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या ज्या शाखेत जायंट्स खेळतात तिचा, सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि त्याच्या आगमनानेच संघ पालटला असे मानले जाऊ लागले. सप्टेंबरमध्ये जायंट्सच्या पिचरांनी सलग १८ सामन्यांत तीन किंवा त्याहून कमी धावा दिल्या, आणि त्या काळात होम प्लेटमागे मुख्यतः पोझी होता हेही खरे. पण हे पिचर आदल्या तीन वर्षांत ज्याच्यासमोर तयार झाले तो मोलिना होता. घडवणे एकाचे आणि सांभाळून पुढे नेणे दुसऱ्याचे, अशीच वाटणी येथे करावी लागते, आणि आकड्यांच्या तक्त्यात ती उतरत नाही.

जागा मिळाली, आता ती दहा-पंधरा वर्षे आपली, हा भ्रम तर या स्थानाच्या धोक्यांशीच विसंगत आहे. २५ मे २०११ रोजी फ्लोरिडा मार्लिन्सचा स्कॉट कझिन्स होम प्लेटकडे धावत येऊन पोझीवर आदळला. पोझीच्या पायाचे हाड मोडले, घोट्याचे अस्थिबंध फाटले आणि त्याचा हंगाम तेथेच संपला. पुढच्याच वर्षी तो .३३६ सरासरीने फलंदाजीत अव्वल आणि नॅशनल लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला, हा त्याचा पराक्रम. तथापि अशा धडका रोखणारा नियम यायला २०१४ उजाडले. जायंट्सकडे मोलिनाच्या आधी आलेला माइक मथीनी इतका सुदैवी नव्हता. सेंट लुई कार्डिनल्सने २००४ नंतर ज्या तरुण कॅचरसाठी त्याला जाऊ दिले, तो यादियेर मोलिना, म्हणजे बेंजीचा धाकटा भाऊ. आणि मुखवट्यावर चेंडू बसून बसून झालेल्या मेंदूच्या आघातांमुळे मथीनीचा खेळ २००६ मध्ये थांबला, तेव्हा त्याच्या जागी जायंट्सने त्याच वर्षअखेर करारबद्ध केला तो थोरला भाऊ. एका भावामुळे जागा सोडावी लागलेल्या माणसाची जागा दुसऱ्या भावाकडे गेली.

वारस आधीच हेरून ठेवता येतो, ही समजूत जायंट्सनीच पुढे खोटी ठरवली. पोझीनंतरचा कॅचर म्हणून २०१८ च्या ड्राफ्टमध्ये जोई बार्टची निवड झाली. २०२० मध्ये महामारीमुळे पोझी खेळला नाही, तेव्हा बार्टला संधी मिळाली आणि २०२२ मध्ये जागाही मिळाली. पण ती टिकली नाही. मे २०२३ मध्ये आलेल्या पॅट्रिक बेलीने ती घेतली आणि २०२४ च्या हंगामाच्या आरंभी बार्टची पिट्सबर्गला रवानगी झाली. त्या वर्षी बेलीची फलंदाजीची सरासरी .२५० च्याही खाली होती, तरीही गोल्ड ग्लव्ह त्यालाच मिळाले. आपापल्या ड्राफ्टमध्ये बार्ट दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला होता, बेली तेराव्या.