ठासणीच्या बंदुकीच्या नळीची निगा

रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत भात पोटरीस आले की रानडुकरांचा उपद्रव वाढतो, आणि पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीची बंदूक खुंटीवरून खाली उतरते. अशा परवान्यांच्या नोंदी आम्ही महसूल खात्यात पुष्कळ वर्षे लिहिल्या. त्या निमित्ताने पाहण्यात आलेल्या बंदुकांत वापराने झिजलेली नळी क्वचित आढळली; गंजाने खाल्लेल्या नळ्या मात्र पुष्कळ.

बार झाल्यावर नळीत तेलाची चिंधी फिरविली म्हणजे काम संपले, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. काळी दारू शोरा, कोळसा व गंधक यांची होते. पैकी शोरा साधारणतः शेकडा ७५ असतो. ती जळाली म्हणजे निम्म्याहून अधिक वजन वायुरूप न होता क्षाररूपाने उरते. त्यातील काही धुराबरोबर बाहेर जाते, बाकीचे नळीस चिकटते. हे क्षार हवेतील ओल ओढून घेतात. ते पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. सबब किटणावर तेल चढविणे म्हणजे ओल आणि लोखंड यांस एकाच पांघरुणाखाली निजविणे होय.

याकरिता बार झालेल्या दिवशीच नळी धुवावी. प्रथम टोपी काढून बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत सोडून तोंडाशी त्यावर खूण करून ठेवलेली असावी. पुढे केव्हाही ती खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत बार अथवा बोळा आहे असे समजावे, आणि स्वतः खटपट न करता परवानाधारक कारागिराकडे जावे. नळी रिकामी ठरल्यावर कढत पाणी ओतावे व गजास चिंधी गुंडाळून ती घासावी. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवावे. टोपीच्या कानाचे छिद्रही मोकळे करावे. पाणी कढत असल्याने तापलेली नळी लवकर सुकते. तरीही कोरड्या चिंध्या फिरवाव्यात, आणि मगच शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल वापरू नये. ते थंडीत थिजते व कालांतराने खवट होते. पुढील बारापूर्वी हे तेल पुसून काढावे.

पावसाळ्यात बंदूक चामड्याच्या अगर कापडी खोळीत ठेवू नये. खोळ ओल धरते. महिन्यातून एकदा नळी तपासावी. कुंभारीण माशी नळीच्या तोंडात मातीचे घर करते, आणि तोंड बुजलेल्या नळीतून बार केल्यास नळी फुटते. गंजाने तळाशी खड्डे पडलेली नळीही तशीच धोक्याची, कारण दारूचा जोर तेथेच सर्वांत अधिक असतो. अशा वेळी डुकरापूर्वी धन्याचाच हात जातो.

निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करण्याचा आदेश झाल्यास ती धुऊन व तेल देऊनच द्यावी, आणि परत मिळताच गज घालून पाहावी. तसेच, १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील परवाना हा बंदूक बाळगण्याचा होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंधने त्याने दूर होत नाहीत, हेही शेतकरी बंधूंनी ध्यानी ठेवावे.