तोंड उघडून पाहणार कोण?

माझी आई झाडूकामाला जायची. पहाटे मशेरी लावल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. त्याने घाणीचा वास मरतो, भूकही मरते, असे ती म्हणे. गालाच्या आत पांढरा चट्टा आला. तो दुखत नव्हता, म्हणून कुणी पाहिला नाही. तोंड उघडेना तेव्हा इस्पितळ गाठले. ही १९९१ ची गोष्ट. डॉक्टर म्हणाले, "अडाणीपणा." तो शब्द मला आजही छळतो.

मग शहाण्यांनी काय केले ते पाहू. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. राज्याच्या अधिकाऱ्याला असा अधिकार नाही, म्हणून २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी बंदी रद्द ठरवली. पुढे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ या नव्या कायद्याखाली २०१२ मध्ये बंदी पुन्हा आली. पण तिचा आदेश एका वेळी एकाच वर्षाचा असतो. दरवर्षी तो नव्याने काढावा लागतो. विडीला तर तो लागूच नाही.

तपासणीचे काय? तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचे तोंड दर पाच वर्षांनी तपासावे, अशा केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१६ पासून आहेत. त्याला यंत्र लागत नाही. बॅटरीचा उजेड आणि शिकवलेली नजर पुरते. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी अशीच तपासणी केली. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले या रोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने घटले, असा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे उपाय ठाऊक आहे. पण मार्गदर्शक सूचना म्हणजे कायदा नव्हे. वस्तीत कुणी आलेच नाही, तर दाद कुठे मागायची?

उपचारासाठी राज्याची योजना आहे. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. २०२३ मध्ये कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय झाला. हे मोलाचे आहे. परंतु योजनेचे दार रोग पक्का झाल्यावर उघडते, आणि बुडालेली मजुरी तिच्यात बसत नाही. ठेकेदाराकडचा सफाई कामगार रोज बुडवून चट्टा दाखवायला जाईल कसा?

घटनेच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. पण ३७ व्या कलमामुळे त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. म्हणून कायदा हवा. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. आपल्या कायद्यात कामाच्या जागी, भरपगारी वेळेत तपासणी लिहिलेली असावी.

तोवर आपणच आपल्या माणसांची तोंडे पाहूया. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कमी उघडणारे तोंड, यांतले काहीही दिसले तर थांबू नका. माझ्या आईचा चट्टा न दुखणाराच होता.