पाहुण्यांची वीस मिनिटं

रोटरी आणि लायन्स, दोन्ही सेवासंस्थांचे क्लब नागपुरात आहेत. सभेचा क्रम साधारण ठरलेला: घंटा, राष्ट्रगीत, पाहुण्यांची ओळख, मग त्यांचं भाषण. बोलायला कधी डॉक्टर येतात, कधी वन अधिकारी, कधी संत्रा बागायतदार. ही वीसेक मिनिटं मला सर्वांत मोलाची वाटतात, कारण पुढची कामं बरेचदा तिथेच सुचतात.

लायन्सचंच पाहा. ३० जून १९२५ रोजी अमेरिकेत ओहायोतल्या अधिवेशनात पाहुण्या होत्या हेलन केलर. दृष्टिहीनांच्या पाठीशी उभे राहा, असं आवाहन त्यांनी केलं आणि डोळ्यांचं काम ही लायन्सची ओळखच बनली. मोतीबिंदूची शिबिरं, चष्मेवाटप हे सारं त्याच भाषणाचं देणं.

रोटरीने १९८५मध्ये पोलिओ निर्मूलनाचा विडा उचलला. पोलिओ रविवारी बूथवर दोन थेंब पाजून बाळाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करतात, ती अनेक आयांच्या ओळखीची. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावड्यात सापडला. २७ मार्च २०१४ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

सभेला जायचंय? ओळखीच्या सदस्याला विचारा, पाहुणे म्हणून सहसा जाता येतं.