नवें मूत्रपिंड आणि मधुमेह

अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं २३ डिसेंबर १९५४ रोजीं डॉ. जोसेफ मरे व त्यांचे सहकारी यांनीं एका माणसाचें मूत्रपिंड काढून त्याच्या जुळ्या भावाच्या शरीरांत बसविलें, आणि तें चाललें. दोघे एकाच गर्भबीजापासून जन्मलेले असल्यामुळें शरीरानें त्या अवयवास परकें मानलें नाहीं. असें सुदैव कितीजणांच्या वांट्यास येणार? आईनें मुलास दिलेलें मूत्रपिंडहि शरीराच्या लेखीं परकेंच. त्याचा नाश करण्यास रक्तांतील पांढऱ्या पेशी टपलेल्या असतात. त्यांस आवरणारीं औषधें जन्मभर घ्यावीं लागतात, आणि पूर्वीं कधीं मधुमेह नसलेल्या मनुष्याच्या रक्तांत साखर वाढूं लागते ती बहुतांशीं त्यांच्याचमुळें.

यांपैकीं प्रेडनिसोलोन हें औषध यकृताकडून अधिक साखर तयार करवितें व स्नायूंना इन्शुलिनची दाद लागूं देत नाहीं. दुसरें टॅक्रोलिमस, जपानांतील त्सुकुबा येथील मातींत १९८४ सालीं सांपडलेल्या एका सूक्ष्मजंतूपासून तें निघालें. परक्या अवयवाचें रक्षण करण्यांत त्याची बरोबरी करणारीं औषधें थोडींच. पण स्वादुपिंडांतील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचाहि हात तें आंखडतें. म्हणजे इन्शुलिनची गरज वाढते आणि पुरवठा मात्र घटतो.

चमत्कार असा कीं, नवें मूत्रपिंड उत्तम चाललें तरीहि साखर वाढते. इन्शुलिनचा निचरा करण्याचें काम बरेंचसें मूत्रपिंडाचें. तें निकामी असतां इन्शुलिन रक्तांत रेंगाळतें व मधुमेहाची प्रवृत्ति झांकलेली राहते. नवें मूत्रपिंड कामास लागतांच झांकण उडतें. शिवाय पथ्याचा जाच सोसलेल्या रोग्याच्या तोंडास चव येते, घरची मंडळी कौतुकानें आग्रह करितात, आणि वजन वाढतें.

तपासणींतहि फसगत होण्याचा संभव आहे. प्रेडनिसोलोन बहुधा सकाळीं घेतात. त्याचा जोर दुपारीं व सायंकाळीं दिसतो. त्यामुळें पहांटे उपाशीपोटीं घेतलेल्या रक्तांत साखर निर्दोष आढळते आणि रोगी निर्धास्त होतो. जेवणानंतर दोन तासांनीं, विशेषतः दुपारीं, रक्त तपासलें तर खरी स्थिति कळते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चांचणीहि आरंभीं भरंवशाची नसते. रक्तांतील तांबड्या पेशी त्या काळांत नव्यानें बनत असतात, किंवा बाहेरून रक्त दिलेलें असतें.

साखरेच्या जोडीस रक्तदाब व रक्तांतील चरबी वाढली म्हणजे घाला हृदयावर पडतो. मूत्रपिंड चालू असतांनाच मृत्यु येतो, त्याच्या कारणांत हृदयविकार अग्रभागीं आहे. परंतु साखरेस भिऊन रोग्यानें आपल्या मनानें औषध सोडणें याहून घातक. तसें केल्यास मोठ्या त्यागानें मिळालेलें मूत्रपिंडच हातचें जातें. मात्रा कमी करावयाची कीं औषध बदलावयाचें, हें रक्तांतील औषधाचें प्रमाण मोजून डॉक्टरांनींच ठरवावयाचें असतें. तोंवर इन्शुलिन टोंचून साखर आटोक्यांत ठेवितां येते, आणि प्रेडनिसोलोनची मात्रा उतरल्यावर कित्येकांना तें इन्शुलिन सोडतांहि येतें.