बग बगा की राव!

माहीत आहे का, एका घरातला प्रिंटर ओपनऑफिसची पानं सोमवारी छापायचा, बुधवारी छापायचा, मंगळवारी मात्र कडकडीत उपास धरायचा?

थट्टा नाही. २००९ सालची गोष्ट. उबुंटू वापरणाऱ्या एका गृहस्थांनी रीतसर नोंद केली, की बायकोची तक्रार आहे, ओपनऑफिस मंगळवारी प्रिंटच देत नाही. तुम्ही-आम्ही काय उत्तर दिलं असतं? ‘वहिनींना म्हणावं, शाई तपासा.’ पण वहिनींचं बरोबर निघालं!

कारण ऐका. लिनक्समध्ये ‘फाइल’ नावाचं एक चिमुकलं टूल असतं. समोर आलेल्या फाइलचं तोंड बघून ते तिची जातकुळी ओळखतं. त्याच्या यादीत एर्लँग भाषेच्या एका जुन्या फाइलप्रकाराची खूण होती: ठराविक जागी १९९१ सालातली एक तारीख, वार मंगळवार. ही खूण लिहिताना मधल्या स्पेसची नीट सोय करायची राहून गेली. त्यामुळे टूल अख्खी तारीख बघेचना, पहिली तीन अक्षरं तेवढी बघायचं. टी, यू, ई. झालं! प्रिंटला निघालेल्या फाइलच्या माथ्यावर त्या दिवसाची तारीख असायची. मंगळवार उजाडला की टूल ओरडणार, ‘अरे, ही तर एर्लँगची!’ आणि प्रिंटर गप्प.

म्हणून ओपन सोर्सच्या दुनियेत मुरलेली माणसं कितीही चक्रम तक्रार आली तरी लगेच हसत नाहीत. चक्रम तक्रारीतच खरा माल असतो.

पुढचा नमुना तर बापमाणूस आहे. अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना. विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख सिस्टिम ॲडमिनला फोन करून सांगतात, ‘आमचे ई-मेल ५०० मैलांच्या पलीकडे जात नाहीत.’ ५०० मैल म्हणजे ८०० किलोमीटर. रस्त्याने मुंबई-नागपूर धरा. ॲडमिन ट्रे हॅरिस मनात म्हणाला असेल, ई-मेल काय बैलगाडीने जातो? पण संख्याशास्त्रवाले कच्चे गडी नव्हते. कुठे पोचला, कुठे नाही, याची आकडेवारी जमवूनच त्यांनी फोन उचलला होता.

ट्रेने चाचण्या घेतल्या. न्यूयॉर्कला गेला. प्रिन्स्टनला गेला. मेम्फिसला नाही! प्रॉव्हिडन्सला नाही!

झालं होतं असं. कोणीतरी सर्व्हर ‘अपग्रेड’ करून गेलं होतं आणि त्या नादात सेंडमेल हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर उलट जुन्या आवृत्तीवर घसरलं होतं. सेटिंगची फाइल मात्र नवीच राहिली. जुन्या आवृत्तीला नव्या फाइलमधले लांबलचक पर्याय कळेनात, तिने ते कचऱ्यात काढले, आणि ‘समोरच्याची वाट किती वेळ बघायची?’ याचं उत्तर झालं शून्य. त्या मशीनवर शून्याचा व्यवहारातला अर्थ होता जेमतेम ३ मिलिसेकंद. आता ३ मिलिसेकंदांत प्रकाश किती लांब जातो? साधारण ५५८ मैल. टाळ्या!

‘पण सिग्नलला जाऊन परत यायचं असतं, मग अंतर निम्मं नको का?’ हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तुमची जागा याच गर्दीत आहे. ट्रेने २००२ मध्ये हा किस्सा जगासमोर मांडला आणि पुढे असल्या शंकासुरांसाठी वेगळी प्रश्नोत्तरं लिहून ठेवण्याची पाळी त्याच्यावर आली.

आता जरा मध्यरात्री चक्कर मारू. २०१७ मध्ये एका डेव्हलपरच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्या रोज रात्री बरोबर साडेबाराला नापास व्हायला लागल्या. का? तर ‘मॅन’ ही लिनक्सची मदत-कमांड त्या वेळी मध्येच ‘गिमी गिमी गिमी’ असं पुटपुटायची! आबा बँडचं ‘गिमी! गिमी! गिमी!’ हे गाणं आठवा. मध्यरात्रीनंतर कोणी ‘मॅन’ मिळेल का, असं विचारणारं, आणि सुरुवातीलाच साडेबाराची वेळ सांगणारं. ही गंमत प्रोग्राममध्ये २०११ पासून दडून बसली होती. भांडं फुटल्यावर ती काढून टाकली. (आमचं मत विचाराल तर, ठेवायला हवी होती.)

गंमत म्हणाल तर लिनक्सच्या गाभ्यातही कमी नाही. प्रिंटरकडून भलताच सिग्नल आला तर द्यायचा एक संदेश तिथे लिहिलेला आहे: ‘एलपी-झिरो ऑन फायर’. प्रिंटरला आग लागली आहे! अग्निशमन दलाला फोन करण्याआधी केबल बघा.

‘बंद करून पुन्हा चालू कर’ हा आयटीतला रामबाण उपाय. पण संगणकाला ‘आता किती वाजले’ हे त्यालाच विचारून, तेच उत्तर परत त्यालाच भरवलं, की तो बरा होतो, हे माहीत आहे का? १ जुलै २०१२, रविवारची पहाट. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ बसवायला जगाच्या घड्याळात एक जादा सेकंद घातला गेला. आपल्याकडे पहाटेचे ५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंद, होय, साठ! लिनक्सच्या टायमरची त्या साठाव्या सेकंदाला बुद्धी नाठी झाली, प्रोसेसर गरागरा फिरत बसले, रेडिटसारख्या बड्या साइट्स आडव्या झाल्या. इलाज निघाला एका ओळीचा: आत्ताची तारीख-वेळ वाचा आणि तीच पुन्हा सेट करा. फुंकर मारली, बाळ झोपलं.

वेळेचंच निघालं आहे तर डायरीत लिहून ठेवा: १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद, भारतीय वेळ. ३२ बिटांमध्ये सेकंद मोजणाऱ्या जुन्या यंत्रणांचा आकडा तेव्हा २,१४,७४,८३,६४७ वर पोचेल, भांडं भरेल, आणि पुढच्या सेकंदाला त्यांच्या लेखी १९०१ साल उजाडेल. वार कोणता असेल? मंगळवार!

बरं, बग सापडतो कसा? शेरलॉक होम्स बोलवावा लागत नाही, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट पुरतं. लिनक्सचा जनक लिनस टोर्व्हाल्ड्सने २००५ च्या एप्रिलमध्ये काही दिवसांतच त्याचा पहिला सांगाडा उभा केला. त्यात ‘बायसेक्ट’ नावाचं हत्यार आहे. समजा गेल्या महिन्यात सॉफ्टवेअर चालत होतं, आज नाही, आणि मध्ये १,००० बदल झालेत. बायसेक्ट मधोमध नेऊन ठेवतं आणि विचारतं, ‘इथे चालतंय?’ हो म्हणा, नाही म्हणा. उरलेल्याचे पुन्हा दोन भाग. दहा प्रश्नांत गुन्हेगार हजर. शेजारीच ‘ब्लेम’ कमांड: कोणती ओळ कोणी लिहिली ते नावानिशी सांगते. मराठी कुटुंबांत ही सोय आधीपासून आहे, कमांडशिवाय.

सगळेच बग असे गोड नसतात हो. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स-प्रकाराच्या एका डेव्हलपरला ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या सॉफ्टवेअरमधल्या दोन ओळींबद्दल तपासणी-टूल सारखं कुरकुरताना दिसलं. त्याने मूळ प्रकल्पाच्या मंडळींना रीतसर विचारलं, हरकत आली नाही, आणि ओळी उडाल्या. गफलत अशी, की यादृच्छिकतेचा मसाला त्याच ओळींमधून पडत होता! दोन वर्षं त्या यंत्रणेवर बनलेल्या ‘अभेद्य’ किल्ल्या जेमतेम ३२ हजार प्रकारांतल्याच एक निघत. मे २००८ मध्ये प्रकरण उघडकीला आलं आणि जगभर कुलपं बदलण्याची एकच धांदल उडाली.

आणि अर्ध्या सेकंदाने जग वाचवलेलं माहीत आहे का? मार्च २०२४. पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा आंद्रेस फ्रॉइंड वेगाच्या चाचण्या घेत होता. त्याला दिसलं, एसएसएचने लॉगिन व्हायला ०.३ सेकंदांऐवजी ०.८ लागताहेत. आपण चहा घेतला असता. तो खणत बसला. खणता खणता ‘एक्सझेड’ नावाच्या फाइल दाबून लहान करणाऱ्या साध्या टूलपाशी पोचला, आणि आत काय? चोरदरवाजा! ‘जिया टॅन’ नाव घेतलेल्या कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ सभ्यपणे, मदतीच्या मिषाने काम करत विश्वास कमावला होता. एकट्याने प्रकल्पाचा गाडा ओढून थकलेल्या मूळ सांभाळकर्त्यामागे इतर काही नावांनी ‘अपडेट कधी?’ असा तगादा लावला होता. तो तगादाही त्याच डावाचा भाग असावा, असा दाट संशय आहे. २९ मार्चला आंद्रेसने हे जाहीर केलं. चोरदरवाजावाल्या आवृत्त्या तोवर बहुतेक चाचणी-आवृत्त्यांपर्यंतच पोचल्या होत्या. ‘जिया टॅन’ कोण होता, ते अजून गुलदस्त्यात.

हुश्श. चला, भांडणं बघू! ओपन सोर्समध्ये त्यांना चर्चा म्हणतात.

१९९९ मध्ये फ्रीबीएसडी या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींत ‘स्लीप’ कमांडवरून घनघोर जुंपली. विषय? तिने पूर्ण सेकंदच झोपावं की अपूर्णांकातही झोपू द्यावं! शेवटी पॉल-हेनिंग कॅम्प या डॅनिश डेव्हलपरने सर्वांना पार्किन्सनची १९५७ मधली गोष्ट ऐकवली. समिती अणुभट्टीला डोळे झाकून मंजुरी देते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास खल करते, कारण शेड सगळ्यांनाच कळते. तेव्हापासून फुटकळ गोष्टीवरच्या काथ्याकुटाला ‘बाइकशेडिंग’ म्हणतात. हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगला गेला असाल, तर जास्त समजावायला नको.

कॉम्प्युटर सुरू होताना कोणत्या प्रोग्रामने सूत्रं हाती घ्यायची, यावर २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत मतं पडली ४ विरुद्ध ४. अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी जिंकलं. हरलेल्या बाजूचे काही जण भाऊबंदकीच्या परंपरेला जागून वेगळे झाले आणि ‘देवुआन’ची चूल मांडली. ती अजून पेटती आहे.

उबुंटूचा बग नंबर १ कोणता? क्रॅश? स्क्रीन काळी? छे! ‘बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा सर्वात मोठा आहे.’ संस्थापक मार्क शटलवर्थने २००४ मध्ये स्वतः नोंदवला आणि २०१३ मध्ये स्वतःच बंद केला, कारण तोवर फोन आणि अँड्रॉइडने खेळच बदलला होता. दुसऱ्याने केलेल्या गृहपाठावर शाबासकी!

उशिराचा विक्रम हवाय? फाइल निवडताना चित्रांची छोटी झलक जाळीत दिसावी, ही लिनक्सवरचा ग्नोम डेस्कटॉप वापरणाऱ्यांची मागणी २००४ ची. मिळाली २०२३ मध्ये, ग्नोम ४४ मध्ये. मागणीच्या वर्षी जन्मलेली पोरं तोवर मतदार झाली.

विम एडिटरमधून बाहेर कसं पडायचं, या प्रश्नाला स्टॅक ओव्हरफ्लोवर २०१७ पर्यंत दहा लाखांवर वेळा लोक येऊन गेले होते. अभिमन्यूंची एवढी मोठी रांग दुसरीकडे नाही. (एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह. या, बाहेर या.) विम नुसता उघडला तर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, असं आवाहन दिसतं, ते बघितलंय का? निर्माते ब्राम मोलेनार यांनी सॉफ्टवेअर फुकट दिलं आणि देणगी मात्र तिकडे वळवली. २०२३ मध्ये ते गेले, आवाहन आहे.

चूक शोधणाऱ्याला पैसे? संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ २००८ पर्यंत चेकने द्यायचे! पुस्तकातल्या चुकीला २ डॉलर ५६ सेंट. सोळाच्या पटीत मोजणाऱ्यांच्या हिशेबात २५६ सेंटांचा एक डॉलर, म्हणून. टेक्स या त्यांच्या अक्षरजुळणी सॉफ्टवेअरमधल्या बगाचं बक्षीस वाढत वाढत ३२७ डॉलर ६८ सेंटांवर थांबलं. बहुतेकांनी चेक वटवलेच नाहीत, फ्रेम केले! टेक्सची आवृत्ती दरवेळी पायच्या एका अंकाने पुढे सरकते, सध्या ३.१४१५९२६५३. नूथ यांनी सांगून ठेवलं आहे, की आपल्या पश्चात आवृत्ती थेट पाय होईल आणि उरलेले बग ‘फीचर’ समजले जातील.

आता घरचा मामला. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. एक समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. त्या दुसऱ्या शब्दातला तो पापणीसारखा र पडद्यावर नीट उमटावा म्हणून पडद्यामागे हार्फबझ नावाचं ओपन सोर्स इंजिन अक्षरं जुळवत असतं. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, सगळीकडे तेच. लोहित देवनागरी फाँट पुण्यातल्या रेड हॅटच्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळला. फाँट किंवा इंजिन चुकलं, की ट्रेकर थेट समुद्रात!

आणि स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गची व्यथा ऐकलीत? त्याचं कर्ल हे इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारं टूल इतक्या यंत्रांत आहे, की २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरच्या कामात हातभार लागल्याबद्दल गिटहबने ज्या सुमारे १२,००० जणांना बिल्ला दिला, त्यात तोही होता. २०२४ पासून तो एआयने रचलेल्या खोट्या बग-तक्रारींवर जाहीरपणे वैतागतो आहे. पण त्याआधीपासून त्याला एक वेगळाच टपाल-ताप आहे. कर्ल कारमध्येही असतं. कारच्या पडद्यावर लायसन्सच्या पानात त्याचं नाव आणि ई-मेल दिसतो. अख्ख्या मेनूत माणसाचा पत्ता बहुधा तेवढा एकच! मग गाडीवाले त्यालाच लिहितात, की साहेब, आमचं नेव्हिगेशन चालत नाही, काय करू?