बसऱ्याच्या मोत्याचं पाणी

जाणकार सराफ मोती हातात घेतला की वजनाआधी त्याचं पाणी बघतो. दिवसाच्या उजेडात तळहातावर तो हळूच फिरवतो. चकाकीला 'पाणी' म्हणणारा हा शब्द मला फार नेमका वाटतो, कारण मोत्याचा उजेड वरून चोपडलेला नसतो, आतून झिरपतो.

स्वातीचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, असं आपण लहानपणी ऐकलेलं. वाळूच्या कणाची गोष्टही तितकीच पसरलेली. पण वाळू क्वचितच कारण ठरते. शिंपल्यातल्या जिवाच्या मऊ आवरणाला इजा होते, एखादा परजीवी आत शिरतो. मग आवरणाच्याच पेशी तिथे एक पिशवी करतात आणि थरावर थर चढवू लागतात. चुन्याच्या स्फटिकांचा एकेक थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. उजेड या थरांत शिरतो, परततो, आणि ते पाणी दिसतं.

माझ्या आजीच्या नथीतले मोती बसऱ्याचे. सायीच्या रंगाचे, किंचित पिवळसर. बारकाईने पाहिलं तर दोन मोती एकसारखे नाहीत. बसरा हे व्यापाराचं बंदर. मोती निघायचे बहरीन, कुवेत, कतारच्या उथळ समुद्रातून.

उन्हाळ्याचे चार महिने होड्या समुद्रात असत. पाणबुड्या नाकाला चिमटा लावी, गळ्यात जाळीची पिशवी अडकवी आणि पायाला बांधलेल्या दगडाच्या वजनाने तळ गाठी. श्वास धरायचा तो मिनिटभर, जास्तीत जास्त दीड मिनिट. तेवढ्यात हाताला लागतील ते शिंपले खुडायचे, दोरीला हिसका द्यायचा. वरचा गडी ओढून घेई. दिवसाकाठी अशा कित्येक बुड्या. सकाळी खजूर आणि कॉफी, पोटभर जेवण रात्रीच. होडीच्या कप्तानाला नाखुदा म्हणत. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा त्याच फारसी शब्दातून आलेला. हंगामाआधी घेतलेली उचल फिटता फिटत नसे, आणि बाप गेला की कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. मोत्याची किंमत सांगताना हा हिशोब कुणी सांगत नाही, तो सांगायला हवा.

हा माल यायचा मुंबईला. अरब व्यापारी इथे महिनोन्‌महिने मुक्काम करत. सौदा बोलून होत नसे; रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरे, शेजारी बसलेल्यालाही कळू नये म्हणून. मोत्यांना भोकं पाडायचं जोखमीचं कामही इथलेच कारागीर कमानीने फिरवायच्या बारीक टोच्याने करत. जरा हात चुकला की मोती गेला. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या खजिन्यातला सात पदरी हार अशाच मोत्यांचा. त्यातल्या ६८ मोत्यांचा दोन पदरी हार २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ७० लाख डॉलरना गेला.

जपानात कोकिची मिकिमोतोने १८९३ साली शिंपल्यात मुद्दाम मोती पिकवून दाखवला, तो अर्धगोल होता. पुढे गोल मोतीही पिकू लागले आणि १९२०नंतर ते जगभर पोचले. त्यात जागतिक मंदी आली आणि आखातातला धंदा बसला. १९३२ साली बहरीनमध्ये तेल लागलं; पाणबुड्यांची मुलं तेलाच्या कामाला लागली. पिकवलेला मोतीही खरा मोतीच असतो, त्याला खोटा म्हणणं मला पटत नाही. पण समुद्रात पिकवलेल्या मोत्यात बहुधा आत बसवलेला मणी मोठा आणि वरचे थर थोडे. नैसर्गिक मोती मात्र गाभ्यापर्यंत थरांचाच. दोन्हींतला फरक क्ष-किरणांखाली दिसतो.

तुमच्या घरी जुनी नथ किंवा तन्मणी असेल, तर घडणावळ बदलताना जुने मोती सोनाराकडे सोडून येऊ नका. आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. अत्तर आधी लावा, नथ नंतर घाला, कारण आम्लाने आणि घामाने मोत्याचं पाणी उतरतं. उतरवल्यावर मऊ सुती कापडाने पुसा, आणि वर्षानुवर्षं लॉकरमध्ये कोंडून ठेवू नका. सणासुदीला घाला.