इलेक्ट्रॉनिक रुग्णनोंद, आपत्कालीन वैद्यकातील

रुग्णाची ओळख, तक्रार, तपासणीतील निष्कर्ष, निदान, दिलेली औषधे आणि त्यांचा परिणाम यांची संगणकात कालक्रमाने ठेवलेली व अधिकृत व्यक्तीस हवी तेव्हा पाहता येणारी नोंद म्हणजे इलेक्ट्रॉनिक रुग्णनोंद होय. ही नोंद करणे व वाचणे किती सोपे, जलद आणि निर्धोक आहे, यास तिची उपयोगसुलभता म्हणतात. आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेच्या ९२४१-११ या मानकात (१९९८, सुधारित २०१८) उपयोगसुलभतेची परिणामकारकता, कार्यक्षमता व समाधान अशी तीन अंगे मानली आहेत. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात, म्हणजे ज्यास सामान्यतः अपघात विभाग म्हणतात तेथे, यांपैकी पहिल्या दोन अंगांचा संबंध थेट रुग्णाच्या जीविताशी येतो. नोंदीसाठी गेलेला वेळ उपचारातून वजा होतो, तर न झालेली किंवा चुकीची नोंद पुढील उपचारात धोका निर्माण करते. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

ऐतिहासिक आढावा : अमेरिकन वैद्य लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये समस्याधिष्ठित रुग्णनोंदीची पद्धत विस्ताराने मांडली. नोंद ही केवळ घडलेल्या गोष्टींची जंत्री नसून ती वैद्याच्या विचारास दिशा देणारे साधन आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. सॉल्ट लेक सिटी येथे १९६० नंतरच्या दशकात व इंडियानापोलिस येथे १९७२ पासून संगणकीय नोंदींचे आरंभीचे प्रयोग झाले. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने अशा नोंदींसाठी मोठे अनुदान उपलब्ध झाले आणि त्यांचा प्रसार वेगाने झाला. तथापि अनेक प्रणालींची मांडणी देयके व हिशेब यांच्या सोयीने झालेली होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आपत्कालीन विभागातील डॉक्टरांचा सु. ४४ टक्के वेळ संगणकात माहिती भरण्यात, तर केवळ २८ टक्के वेळ प्रत्यक्ष रुग्णाजवळ जातो, असे आढळले. गर्दीच्या दहा तासांच्या पाळीत एका डॉक्टरास माऊसची कळ सु. ४,००० वेळा दाबावी लागते, असा अंदाजही त्यात दिला होता.

भारतात आपत्कालीन वैद्यक या विषयास भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये स्वतंत्र विशेषशाखा म्हणून मान्यता दिली. केंद्र शासनाने इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली व २०१६ मध्ये ती सुधारली. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली नागरिकास १४ अंकी आरोग्य खाते क्रमांक (आभा) मिळतो व त्याच्या संमतीने निरनिराळ्या रुग्णालयांतील नोंदी एकमेकींशी जोडता येतात.

आपत्कालीन विभागाचे वेगळेपण : बाह्यरुग्ण विभागातील कामाचा क्रम ठरलेला असतो. रुग्ण खिडकीवर नाव सांगतो, केसपेपर काढतो, रांगेत बसतो आणि मग डॉक्टरांपुढे जातो. बहुतेक संगणकीय प्रणाली याच क्रमावर रचलेल्या असतात. नाव, वय, पत्ता भरल्याशिवाय पुढील पान उघडत नाही. आपत्कालीन विभागात हा क्रम उलटा होतो. रुग्ण बेशुद्ध असतो, बरोबरच्या माणसांस त्याचे नाव ठाऊक असेलच असे नाही, आणि श्वसनमार्ग मोकळा करणे, रक्तस्राव थांबवणे ही कामे नावाची वाट पाहू शकत नाहीत. एकाच वेळी अनेक रुग्ण असल्याने डॉक्टरांचे काम पुनःपुन्हा खंडित होते. औषधांच्या सूचना बऱ्याचदा तोंडी दिल्या जातात व परिचारिका त्या नंतर लिहून घेते. रुग्णांची निकड पाहून त्यांचे लाल, पिवळा, हिरवा व काळा अशा रंगांनी वर्गीकरण करण्याची पद्धत आहे. ही निकड घटकेघटकेला बदलत असल्याने तिची नोंदही एकदाच करून भागत नाही.

नांदेड व लातूर : मराठवाड्याच्या पूर्व व दक्षिण भागांतील आपत्कालीन रुग्णांचा मोठा भार दोन शासकीय रुग्णालयांवर पडतो. नांदेडलगत विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे (स्था. १९८८) आणि लातूर येथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे (स्था. २००२) रुग्णालय आहे. नांदेडला किनवट, माहूर, देगलूर, मुखेड या तालुक्यांतून, तसेच हिंगोली, परभणी, यवतमाळचा लगतचा भाग व तेलंगणाची सीमा येथून रुग्ण येतात. लातूरला उदगीर, निलंगा, अहमदपूर, तसेच धाराशिव आणि कर्नाटकातील बीदर या जिल्ह्यांतून येतात. रस्त्यावरील अपघात, भाजणे व अडलेली बाळंतपणे यांखेरीज पावसाळ्यातील सर्पदंश आणि कीटकनाशकांची विषबाधा हे या शेतीप्रधान प्रदेशातील नेहमीचे आपत्कालीन प्रसंग होत.

येथील रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी बहुधा दोन-तीन हातांतून गेलेला असतो. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, नंतर रुग्णवाहिका व शेवटी वैद्यकीय महाविद्यालय, असा त्याचा प्रवास होतो. राज्यात २०१४ मध्ये '१०८' क्रमांकाची आपत्कालीन सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. तिच्यामुळे रुग्ण लवकर पोहोचू लागला, तरी त्याची माहिती त्याच्याबरोबर पोहोचतेच असे नाही. घाईत लिहिलेली संदर्भचिठ्ठी हाच बहुधा दोन रुग्णालयांमधील एकमेव दुवा असतो.

याचे महत्त्व सर्पदंशाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. घोणस किंवा फुरसे चावल्यास रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. काचेच्या कोरड्या नळीत रक्त २० मिनिटे न हलवता ठेवून ते गोठते की नाही, हे पाहण्याची साधी चाचणी ग्रामीण रुग्णालयातही करता येते. रक्त गोठत नसल्यास प्रतिविषाच्या सामान्यतः १० कुप्या देतात व सहा तासांनी पुन्हा चाचणी करून पुढील मात्रा ठरवतात. पहिली मात्रा केव्हा व किती दिली, हे नांदेडच्या किंवा लातूरच्या डॉक्टरांस कळले नाही, तर हे सहा तास कोठून मोजावयाचे हेच ठरत नाही. ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपीन पुनःपुन्हा व वाढत्या मात्रेत द्यावे लागते. तेथेही आधीच्या मात्रा व त्यांच्या वेळा माहीत असणे अत्यावश्यक असते.

रुग्णाची ओळख पटवणे हीदेखील येथील एक अडचण आहे. मराठी, उर्दू, तेलुगू, कन्नड व बंजारा बोलणारे रुग्ण एकाच विभागात येतात. 'शेख' हे एकच नाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते. विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलण्याची प्रथा असल्याने माहेरच्या व सासरच्या नावांनी एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होऊ शकतात. वयही पुष्कळदा अंदाजानेच सांगितले जाते.

सामूहिक आपत्तीत या सर्व अडचणी एकदम उभ्या राहतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात ६·२ क्षमतेचा भूकंप होऊन लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो लोक मृत्युमुखी पडले [⟶ भूकंप]. घरेच्या घरे ढिगाऱ्याखाली गेली असता जखमीचे नाव सांगण्यास नातेवाईक उरतोच असे नाही. अशा वेळी मनगटावर बांधलेला क्रमांक, निकडीचा रंग, सापडल्याचे ठिकाण व दिलेले उपचार एवढीच नोंद शक्य असते व तेवढीच आवश्यकही असते.

नोंदीचे महत्त्व उपचारानंतरही संपत नाही. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर–१ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा व मनुष्यबळाचा तुटवडा असल्याचे आरोप झाले. उलट अनेक रुग्ण अत्यवस्थ स्थितीत दाखल झाले होते, असे रुग्णालयाच्या वतीने सांगण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. अशा प्रसंगी प्रत्येक रुग्ण कोठून, केव्हा व कोणत्या स्थितीत आला, त्यास काय व किती वेळाने मिळाले, हे ठरवण्याचा खात्रीचा आधार म्हणजे त्या त्या वेळी झालेली नोंद होय. ती नसेल तर आप्तांच्या प्रश्नास उत्तर मिळत नाही, आणि प्रामाणिकपणे काम केलेल्या डॉक्टरांस व परिचारिकांस आपली बाजूही मांडता येत नाही.

सुधारणेची तत्त्वे : (१) उपचार आधी, ओळख नंतर. रुग्ण येताच एका कृतीने तात्पुरता क्रमांक मिळावा, त्यावर तपासण्या व औषधे सुरू व्हावीत, आणि ओळख पटल्यावर ती नोंद मूळ नोंदीत मिसळता यावी. (२) सक्तीचे रकाने मोजके असावेत व 'माहीत नाही' हे उत्तर ग्राह्य असावे. मण्यार चावल्यास दातांची खूण बहुधा दिसत नाही व रुग्ण कधीकधी केवळ पोटदुखीची तक्रार घेऊन येतो. दंशाची जागा भरल्याशिवाय पान पुढे जात नसेल, तर डॉक्टर काहीतरी भरून मोकळा होतो आणि नोंद पूर्ण दिसूनही खोटी ठरते. (३) निकडीचा रंग, नाडी, रक्तदाब, श्वसन, औषधांचे वावडे व दिलेल्या मात्रा एकाच पटावर दिसाव्यात. (४) नेहमीच्या प्रसंगांसाठी तपासण्यांचे व औषधांचे तयार संच असावेत. परंतु न केलेली तपासणी 'सामान्य' म्हणून आपोआप नोंदली जाऊ नये. (५) घटनेची वेळ व नोंद केल्याची वेळ वेगळ्या ठेवाव्यात, कारण आपत्कालीन विभागात पुष्कळशा नोंदी कामानंतर होतात. (६) धोक्याच्या सूचना थोड्या व महत्त्वाच्या असाव्यात. क्षणोक्षणी येणाऱ्या सूचना न वाचताच मिटवण्याची सवय लागते व खरी सूचनाही तीत नाहीशी होते. (७) नावाचा शोध देवनागरी व रोमन या दोन्ही लिपींत आणि उच्चारसाम्याने घेता यावा. (८) अपघात, विषबाधा, भाजणे यांसारख्या वैद्यकीय-न्यायिक प्रकरणांत पोलिसांस द्यावयाची सूचना त्याच नोंदीतून तयार व्हावी. दुरुस्ती केल्यास मूळ मजकूर पुसला जाऊ नये. (९) संदर्भचिठ्ठी वेगळी लिहावी लागू नये. ग्रामीण रुग्णालयातील नोंदीतूनच ती निघावी व रुग्ण पोहोचण्यापूर्वी मोठ्या रुग्णालयास दिसावी.

वीज किंवा संपर्कजाल खंडित झाले तरी काम चालू राहील अशी व्यवस्था हेही उपयोगसुलभतेचेच अंग होय. यंत्र जवळची नोंद स्वतःपाशी साठवून नंतर पाठवील, अशी योजना हवी. संगणकावरील पटाच्याच क्रमाने छापलेला कागदी तक्ताही हाताशी हवा, म्हणजे यंत्र बंद पडल्यावर नव्याने विचार करावा लागत नाही. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खाजगी कंपनीशी झालेल्या करारान्वये चालणारी रुग्णालय-व्यवस्थापन प्रणाली २०२२ च्या जुलैमध्ये थांबली व रुग्णालयांस हस्तलिखित नोंदींकडे परतावे लागले. करार संपला तरी जुन्या नोंदी वाचता याव्यात व त्या दुसऱ्या प्रणालीत नेता याव्यात, ही अट आरंभीच घालणे का आवश्यक आहे, हे यावरून दिसते. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राची 'ई-हॉस्पिटल' आणि प्रगत संगणन विकास केंद्राची 'ई-सुश्रुत' या सार्वजनिक संस्थांनी विकसित केलेल्या प्रणाली देशातील अनेक शासकीय रुग्णालयांत वापरल्या जातात.

मूल्यमापन : प्रणाली सुलभ आहे किंवा नाही, हे ती बनवणाऱ्याच्या मतावरून ठरत नाही. निवासी डॉक्टर, परिचारिका व नोंदणी-कारकून रात्रीच्या पाळीत तिचा वापर कसा करतात, हे प्रत्यक्ष पाहावे लागते. रुग्ण आल्यापासून पहिली नोंद होईपर्यंतचा वेळ, एका कामासाठी दाबाव्या लागणाऱ्या कळा, चुकीच्या रुग्णावर झालेल्या नोंदी, आणि संगणक टाळून हातावर किंवा चिठोऱ्यावर लिहिलेल्या गोष्टी यांची मोजदाद करतात. शेवटची गोष्ट विशेष बोलकी असते, कारण प्रत्येक चिठोरे प्रणालीतील एखादी उणीव दाखवते. वापरणाऱ्यांचे मत अजमावण्यासाठी ब्रिटिश तज्ज्ञ जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची मोजपट्टी प्रचलित असून तीत ० ते १०० गुण असतात. सु. ६८ गुण मध्यम मानतात. अमेरिकन डॉक्टरांच्या राष्ट्रव्यापी पाहणीत (२०१९) तेथील इलेक्ट्रॉनिक नोंदींस सरासरी ४५·९ गुण मिळाले. विपुल खर्च केल्याने सुलभता आपोआप येत नाही, हे त्यावरून कळते.

गोपनीयता व मर्यादा : रुग्णाची माहिती त्याच्या संमतीने वापरावी, हा सर्वसाधारण नियम आहे. बेशुद्ध रुग्ण संमती देऊ शकत नसल्याने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात (२०२३) जीवितास धोका असलेल्या वैद्यकीय आणीबाणीसाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा ठेवली आहे. अशा वेळी नोंद कोणी, केव्हा व कशासाठी उघडली याची आपोआप टिपण राहणे इष्ट असते, म्हणजे या मुभेचा दुरुपयोग झाल्यास तो उघड होतो.

उत्तम नोंद ही खाटा, औषधे व माणसे यांची उणीव भरून काढू शकत नाही. परिचारिकांची संख्या अपुरी असताना संगणकीय व कागदी अशा दोन्ही नोंदी ठेवण्याची सक्ती केल्यास कामाचा भार दुप्पट होतो व दोन्ही नोंदी अपुऱ्या राहतात. म्हणून नवी प्रणाली आणताना कोणती जुनी नोंदवही बंद होणार, हे आधी ठरवणे आवश्यक असते. किनवटच्या किंवा निलंग्याच्या रुग्णालयात रात्री दिलेल्या प्रतिविषाची वेळ व मात्रा रुग्ण नांदेड-लातूरच्या दारात पोहोचण्यापूर्वी तेथील डॉक्टरांस वाचता येणे, आणि त्यासाठी कोणालाही रुग्णापासून दूर व्हावे न लागणे, ही या प्रदेशापुरती इलेक्ट्रॉनिक रुग्णनोंदीच्या उपयोगसुलभतेची खरी कसोटी होय.